मधल्या सुट्टीचे दोन डॉलर

नोव्हेंबर निम्मा सरला की आमच्या बेडोकच्या मॉलमध्ये पहिलीच्या मुलांचा बाजार भरतो. पांढऱ्या बुटांची रांग लागते, पाण्याच्या बाटल्या येतात, नावं चिकटवायची लेबलं येतात आणि मुलाच्या पाठीपेक्षा मोठी दप्तरं टांगली जातात. आई-बाप मुलांना उभं करून बुटाचं नाक अंगठ्याने दाबून बघतात, वर्षभर पुरेल ना म्हणून. मुलं कंटाळलेली असतात. बाहेर दुपारचा पाऊस पडून जातो, त्याचं इथे कुणालाच कौतुक नाही. मी दरवर्षी दिवाळीला मुलाकडे इथे परदेशात येते आणि जानेवारीच्या शेवटी मिरजेला परत जाते, त्यामुळे हा बाजार आता माझ्या ओळखीचा झाला आहे.

परवा लिफ्टपाशी तन्वी भेटली. आमच्या वरच्या मजल्यावर राहते, मूळची पुण्याची. तिचा मुलगा येत्या जानेवारीत पहिलीत जाईल. हातात एक पार्सल होतं, ते तिने तिथेच उघडून दाखवलं.

"काकू, बघा ना, ऑनलाइन मागवलीत. प्लास्टिकची नाणी. पाच सेंटपासून डॉलरपर्यंत सगळी आहेत. तुम्ही रेवाला शिकवलं होतंत ना? कसं शिकवायचं हो?"

मी पाकीट हातात घेऊन हलवलं. वजन म्हणून नव्हतंच.

"परत पाठव," मी म्हटलं.

"का हो?"

"यातलं एक हरवलं तर रडेल का तो?"

तन्वी हसली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. लिफ्ट आली, ती वर गेली, आणि मी खालीच बाकावर बसून राहिले, कारण मला रेवाची ती सुट्टी आठवली. रेवा म्हणजे माझी नात. आता चौथीत आहे आणि माझं इंग्रजी सुधारण्याचं काम तिने स्वतःहून अंगावर घेतलं आहे. तेव्हा ती सहा संपून सातव्यात होती.

इथल्या शाळांची एक पद्धत मला पहिल्यांदा ऐकल्यावर फारच धाडसाची वाटली होती. पहिलीतलं मूल मधल्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये जातं, रांगेत उभं राहतं, आपल्याला काय हवं ते दुकानातल्या बाईला सांगतं, पैसे देतं, उरलेले मोजून घेतं आणि ट्रे सांभाळत टेबलाशी येऊन खातं. सहा वर्षांचं मूल! आमच्याकडे या वयाला आया अजून 'चिऊचा घास, काऊचा घास' करत असतात. शाळा सुरू व्हायच्या आधी पालकांना बोलावून सांगतात, मुलांना सुट्टे पैसे द्या आणि नाणी ओळखायला शिकवून पाठवा. आता बऱ्याच शाळांत मुलं कार्ड किंवा मनगटावरचं घड्याळ टेकवून पैसे भरतात म्हणे. रेवाच्या शाळेत तेव्हा नाणीच चालायची.

माझा मुलगा मंदार तांजोंग पगारला एका फायनान्स कंपनीत आहे. शाळेतली ती मीटिंग करून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "आई, तुझं डिपार्टमेंट आलंय बरं का."

माझंच होतं ते. मी जन्मभर पहिलीला शिकवलं. बरोबरीच्या बायका मुख्याध्यापिका झाल्या, केंद्रप्रमुख झाल्या. मी पहिली सोडली नाही. मोठ्या मुलांना शिकवायला पुस्तक लागतं, पहिलीला माणूस लागतो, असं मी तेव्हा जरा तोऱ्यातच म्हणायची. अजूनही म्हणते.

आमच्या वेळी 'नाणी व नोटा' हा धडा वर्षाच्या शेवटी यायचा आणि तो शिकवायची गरजच नसायची. मिरजेजवळच्या गावातली पोरं ती. चहापूड आण, काडेपेटी आण, म्हणून घरचे पळवायचे. ज्याला नऊ उलटा काढायची खोड होती तोही दुकानातून मोड बरोबर आणायचा. आणि नाणी तरी काय देखणी! पाच पैशाचं चौकोनी, वीस पैशाचं सहा कोनांचं, दहा पैशाचं कडेला पाकळ्या पाकळ्यांचं. खिशात हात घातला की बोटांना कळायचं. मी मुलांचे डोळे रुमालाने बांधायची आणि हातावर नाणं ठेवायची. क्वचितच कुणी चुकायचं. नाणं डोळ्यांनी नाही, हाताने शिकायचं असतं, अशी माझी तेव्हापासून समजूत.

इथली नाणी बघितली आणि माझं तोंड उतरलं. सगळी गोल. थोडं लहान, थोडं मोठं, एवढाच काय तो फरक.

पण त्याआधी नाणी मिळायला तर हवीत. घर पालथं घातलं. मंदारच्या खिशात फोन आणि कार्ड. एमआरटीच्या ट्रेनला कार्ड, बसला कार्ड, भाजीला फोन. माझी सून केतकी युनिव्हर्सिटीत संशोधन करते, तिच्या पर्सच्या तळाशी एक वीस सेंट आणि एक केसांची पिन सापडली. घरात एक नाणं नाही आणि मुलीला नाणी शिकवायची, म्हणजे आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! शेवटी मंदारला खालच्या कॉफीच्या दुकानात पिटाळलं. तो दहाची नोट मोडून मूठभर चिल्लर घेऊन आला आणि म्हणाला, "त्या अंकलला वाटलं मी वेडा आहे."

दोन दिवसांवर लक्ष्मीपूजन होतं. आता इथे माझी एक सवय सांगायला हवी. दसऱ्याला पाटीपूजन करतात, तसं मी शाळेत कुठलीही नवी गोष्ट शिकवायच्या आधी करायची. नवी पाटी आली की तिला गंध-फूल. अंकांचे तक्ते आले की त्यांना गंध-फूल. ज्याच्याकडून शिकायचं त्याला आधी नमस्कार करावा, मग ते आपल्याशी नीट बोलतं, असं मुलांना सांगितलं की मुलं त्या वस्तूकडे जरा आदराने बघतात, आपटत-फेकत नाहीत. तीच रीत मी त्या लक्ष्मीपूजनाला इथे चालवली. चांदीच्या वाटीत ती चिल्लर घेतली. रेवाने बाथरूमच्या बेसिनमध्ये एकेक नाणं धुतलं, पुसलं, ताम्हनात मांडलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं. हात जोडले.

"ही लक्ष्मी," मी तिला सांगितलं. "हिला पाय लावायचा नाही. चुकून लागला तर उचलून डोळ्यांना लावायची. उद्यापासून ही तुला शिकवणार."

रेवाने मान हलवली. ती माझं सगळं ऐकून घ्यायची, आणि ऐकलेलं विसरायची नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर शाळा सुरू झाली. नाण्यावर पातळ कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायची. हळूहळू खालचं चित्र वर येतं. हा खेळ मुलांना कितीही वेळ पुरतो. इथल्या नाण्यांवर चित्रं छान आहेत, त्यांची आम्ही नावं पाडली. पाच सेंटवर काटेरी छपराची एक इमारत आहे. मी तिला फणस म्हटलं, रेवा म्हणाली, "फणस नाही आजी, ड्युरियन." फणसासारखंच इथलं फळ ते. दहावर सरकारी घरांचे उंच टॉवर, आमच्यासारखेच. विसावर विमानतळ. पन्नासवर बंदर आणि जहाज. डॉलरवर तो अर्धा सिंह, अर्धा मासा.

"आजी, घर ten आणि airport twenty?" रेवाने विचारलं. "Why घर so cheap?"

सोफ्यावरून मंदार म्हणाला, "दहा सेंटला मिळालं असतं तर मी दोन घेतली असती."

हातात येणाऱ्या नाण्यांची संख्या आणि त्यांची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना पटायला वेळ लागतो. पन्नासचं एक नाणं आणि दहाची तीन नाणी समोर ठेवली की ती तिनाकडे धाव घ्यायची. तिची चूक नव्हती. तीन म्हणजे तीन. मी पन्नासच्या नाण्याला आई केलं आणि दहाच्या पाच नाण्यांना तिची मुलं. आई कामाला गेली की पाचही मुलांनी मिळून तिच्या जागी उभं राहायचं, एकही कमी चालणार नाही. हे तिला एकदम पटलं. तिची आई रोज कामाला जात होती. मग चिल्लरीत एक जुना, सोनेरी डॉलर निघाला. तो पन्नासच्या एका जुन्या नाण्यापेक्षा अंगाने लहान. रेवा ऐकेना. लहान असून जास्त कसा? "तू लहान आहेस, पण घरात चालतं कुणाचं?" मी विचारलं. तिने जरा विचार केला आणि डॉलर रांगेत सगळ्यांत मोठ्याच्या जागी नेऊन ठेवला.

आठवडाभरात तिच्या बोटांना नाणी कळायला लागली. डोळे मिटून ओळखायची. माझी समजूत खोटी नव्हती तर! गोल असली तरी कडा वेगळ्या, जाडी वेगळी. मलाही तिच्याबरोबरच कळायला लागलं.

मग दुकान-दुकान. हा माझा हुकमी एक्का. टेबलावर बिस्किटं, द्राक्षं, खोडरबर मांडायचे, मी दुकानदार, ती गिऱ्हाईक. रेवा घरात बडबडी होती, मराठीत सुरू झालेलं वाक्य इंग्रजीत संपवायची. पण दाराबाहेर पाऊल पडलं की तिचं तोंड मिटायचं. लिफ्टमध्ये कुणी "हॅलो, गर्ल" म्हटलं की ती केतकीच्या मागे लपायची. बालवाडीतल्या बाईंनी तिचा आवाज वर्षभरात फारसा ऐकला नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, बोलेल, घाई करू नका. केतकी घाई करत नव्हती, पण मुलगी झोपल्यावर तिच्या खोलीच्या दाराशी नुसतीच उभी राहायची, ते मी बघितलं होतं.

माझ्या दुकानात रेवा बोलायची. "दोन बिस्किटं दे, आजी." तर मी म्हटलं, आजी नाही, दुकानातली परकी बाई. मंदारची क्रिकेटची टोपी डोक्यावर उलटी घातली, केतकीचा ॲप्रन बांधला, भुवया चढवल्या. "Yes? What you want?"

रेवा हसेल असं मला वाटलं होतं. ती गप्प झाली. मी टोपी घालून बसले होते तोवर तिने एक शब्द काढला नाही, नुसतं बोटाने बिस्किटाकडे दाखवलं. टोपी काढली तर लगेच, "आजी, दोन." पुन्हा टोपी घातली, पुन्हा गप्प. टोपीखाली कोण आहे हे तिला पक्कं माहीत होतं. तरीही. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली. नाणी शिकवणं माझ्या हातात होतं, आणि ते झालंही होतं. त्याच्या पुढचं काय करायचं, हे मला माहीत नव्हतं.

जानेवारीत शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी पालकांना कॅन्टीनच्या कडेला, दोरीमागे उभं राहून बघू दिलं. वरच्या वर्गातली एक उंच मुलगी रेवाचा हात धरून तिला रांगेत घेऊन गेली, तिनेच सांगितलं, तिनेच ट्रे धरला. रेवाने फक्त मूठ उघडली आणि त्या मुलीने त्यातून नाणी घेतली. सगळे पालक फोन उंच धरून फोटो काढत होते. मंदारने मला फोटो दाखवला, त्यात रेवाच्या गळ्यात नाण्यांची छोटी कापडी पिशवी आणि तोंडात नूडल्स. मी त्या दिवशी गोड केलं.

पुढच्या आठवड्यात सोबतीला दिलेल्या मोठ्या मुली आपापल्या वर्गात गेल्या. आणि एका संध्याकाळी वर्गशिक्षिकेचा केतकीला फोन आला. रेवा काही खात नाही. रोज रांगेत उभी राहते, नंबर आला की बाजूला होते आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते. घंटा होईपर्यंत असंच. विचारलं तर बोलत नाही. मुठीत नाणी घट्ट.

रोज संध्याकाळी पिशवीतली नाणी कमी झालेली नाहीत, हे आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. नाणी मोजायची सवयच गेलेली. सकाळी केतकी देवघरातल्या वाटीतली मूठभर नाणी भरून पिशवी तिच्या गळ्यात घालायची आणि घरी आल्यावर रेवा ती पुन्हा वाटीत रिकामी करायची. आम्हाला वाटायचं, उरलेली मोड ठेवते आहे. शहाणी आहे!

रात्रीच्या जेवणाआधी तिला समोर बसवलं. मंदारने विचारलं, केतकीने विचारलं. बराच वेळ ती टेबलावरच्या डागावर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "ते बाप्पाचे आहेत."

"काय?"

"Money. बाप्पाचे आहेत. आजीने पूजा केली. Bappa's money cannot buy chicken noodles, what."

मंदार हसला. मग त्याने केतकीचा चेहरा बघितला आणि थांबला. केतकीने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं.

"अगं, ते पैसे आहेत रेवा," मंदार म्हणाला. "पैसे वापरायला असतात. मी तुला दुसरे आणून देतो, पूजा न केलेले." आणि उठून खरंच खाली गेला आणि नवी चिल्लर घेऊन आला.

रेवाने ती हातात घेतली, उलटसुलट केली. "Same," ती म्हणाली. "आजी म्हणाली, सगळा पैसा लक्ष्मी."

हे मी कधी म्हटलं ते मला आठवेना, पण म्हटलं असणार. आमच्याकडे सगळेच म्हणतात. म्हणतो आणि लगेच खिशातून काढून भाजीवालीच्या हातात देतो, त्यात आपल्याला काही अडचण वाटत नाही. लक्ष्मी चंचल म्हणून तिचं कौतुकही करतो. पण आपण हे सगळं लहानपणी पैसे खर्च होताना बघत बघत शिकलो. या मुलीने घरात नाणी फक्त देवासमोर आणि खेळात बघितली होती. खर्च होतो तो फोन, आणि पूजा होते ती नाण्यांची. तिच्या हिशेबात कुठेच चूक नव्हती. परीक्षेत मी तिला पैकीच्या पैकी दिले असते.

रात्री मी विचार करत पडले. देवाचे पैसे म्हणून ती देत नव्हती, की तोंड उघडावं लागेल म्हणून? पहिलीच्या मुलांचा मला एक अनुभव आहे. ती खोटं बोलत नाहीत, पण दोन कारणं असली की जे सांगायला सोपं ते सांगतात. पोट दुखतंय म्हणणाऱ्या मुलाचं पोट खरंच दुखत असतं, आणि त्याचा गृहपाठही झालेला नसतो. रेवाचं काय होतं, मला कळेना.

केतकीने प्रश्न सोडवला. पोळीत भाजी घालून गुंडाळी करायची, डबा द्यायचा. "राहू द्या आई," ती म्हणाली, "वर्षभर डबा नेला म्हणून काय बिघडलं? भुकेली नको राहायला." तिचं बरोबर होतं. आई झाल्यावर आधी पोट दिसतं. रेवा डबा खायला लागली, रिकामा परत आणायला लागली. पण वर्गातली मुलं रांगेत आणि ही एकटी टेबलावर. शाळेत दिवसभरात तिला बोलावंच लागेल अशी ती एक जागा होती, तीही गेली. माझा व्हिजिट पास महिनाअखेर संपणार होता. तिचा आवाज शाळेत कुणी ऐकला, एवढं कळल्याशिवाय विमानात बसायचं माझ्या जिवावर आलं होतं.

हल्ली मिरजेतही नाणी दिसत नाहीत. भाजीवालीच्या टोपलीला कोड चिकटवलेला असतो, पोरगं फोन दाखवतं, पैसे गेल्याचा आवाज येतो. सोय आहे, मी नाव ठेवत नाही. मीही वापरते. पण गेलेला पैसा दिसत नाही आणि राहिलेला हाताला लागत नाही, अशा घरातल्या मुलाला कमी-जास्त कसं शिकवायचं, हे माझ्या जागी आता ज्या बाई पहिलीला असतील त्यांनाच माहीत. तन्वीला मी दुसऱ्या दिवशी वर जाऊन सांगितलं, खरी नाणी घे, आणि पहिल्याच दिवशी त्यातलं एक त्याच्या हाताने खर्च कर. केळं घ्या. पूजाबिजा नंतर. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, लांबड आहे, सावकाश सांगेन.

त्या जानेवारीतला एक शनिवार. मंदार ऑफिसला, केतकी लॅबमध्ये. मी रेवाला घेऊन लायब्ररीत गेले होते. येताना पावसाने गाठलं आणि आम्ही धावत जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या दुकानांच्या मोठ्या शेडमध्ये, शिरलो. तास झाला तरी पाऊस हलेना. मी सकाळी मधुमेहाची गोळी घेतली होती आणि त्यावर अर्धी पोळी. घरी येऊन जेवायचं, असा विचार. हळूहळू हाताला कंप सुटायला लागला, कपाळाला घाम. हे मला ओळखीचं आहे, अशा वेळी काहीतरी पोटात जावं लागतं. पर्समध्ये एरवी साखरेची पुडी असते. पर्स घरी होती. पुस्तकं घ्यायला लायब्ररीचं कार्ड लागतं, तेवढंच घेऊन निघाले होते. माझ्या फोनवरचे पैसे इथे चालत नाहीत. मंदारला फोन लावला, उचलला नाही.

रेवाच्या गळ्यात तिची पिशवी होती. शाळा सुरू झाल्यापासून ती कुठेही जाताना घालायची, शनिवार असो की रविवार.

"रेवा, आजीला काहीतरी खायला हवं गं," मी म्हटलं. तिने पिशवीवर हात ठेवला. समोर तांदळाच्या शेवया विकणारं एक दुकान होतं, बाजूच्या भांड्यात कोबी-गाजर दिसत होतं. पैशाचं मग बघू म्हणून मी रांगेत उभी राहिले. मी शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. मनातल्या मनात वाक्य जुळवलं. नंबर आला.

"Excuse me, madam, is this preparation purely vegetarian?"

"Ha?" दुकानातली ऑन्टी म्हणाली. तिच्या हातात मोठा चिमटा. "Bee hoon or mee?"

"No, I am asking whether egg—"

"Egg ah? One egg, two egg?"

"No, no egg. Is there any fish in the—"

"Auntie, faster lah," मागून कुणीतरी. ऑन्टीने चिमटा मागच्या माणसाकडे वळवला. "You what?"

मी बाजूला झाले. जन्मभर पन्नास-साठ पोरांच्या वर्गात आवाज चढवलेली मी, मला एक शब्द सुचेना. कान गरम झाले. पाय आपोआप रांगेच्या शेवटाकडे वळले.

हाताला हिसका बसला. रेवा.

"आजी, you must say fast," ती म्हणाली. "मी सांगते." आणि माझा हात सोडून पुढे गेली. काउंटर तिच्या हनुवटीपर्यंत येत होता. टाचा उंच करून ती म्हणाली, आणि इतक्या मोठ्याने म्हणाली की मी दचकले, "Auntie! One bee hoon, vegetable only. No egg, no meat, no fishball. My ajji cannot eat. Chilli don't want!"

"Gravy want or not?"

"Gravy got meat, right? Don't want."

हे ती कुठे शिकली? मला तेव्हाच कळलं. इतके दिवस ती कॅन्टीनच्या रांगेत उभी राहून प्रत्येक मुलाचं मागणं ऐकत होती. पुढच्याचं, त्याच्या पुढच्याचं. पुन्हा मागे जाऊन पुन्हा ऐकत होती. तोंड मिटून सगळा धडा पाठ करत होती.

ऑन्टीने थाळी पुढे सरकवली. "Two dollar."

रेवाने पिशवी उघडली. नाणी मुठीत घेतली, मूठ डोळ्यांना लावली. मग एकेक नाणं काउंटरवर मांडलं, सोनेरी डॉलर, पन्नास, वीस, वीस, दहा. मी सवयीने मनात बेरीज केली. बरोबर होती.

"Wah, so clever this girl," ऑन्टी म्हणाली आणि नाणी डब्यात टाकली.

आम्ही टेबलाशी बसलो. मी घाईघाईने दोन-तीन घास घेतले. हळूहळू हाताचा कंप थांबला. रेवा माझ्या तोंडाकडे बघत होती, नाणी बघताना बघायची तशी.

"बाप्पाचे ना गं ते पैसे?" मी विचारलं.

"तुला भूक लागली होती ना," ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरची घातलेली नव्हती, त्यामुळे तिच्यावर ढकलायचीही सोय नव्हती. मी थाळी मध्ये सरकवली. तिनेही खाल्लं. मीठ जरा जास्त होतं.

घरी गेल्यावर मी केतकीला सगळं सांगितलं. तिने फक्त रेवाला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. सोमवारी केतकीने नेहमीसारखा डबा दिला, नेहमीसारखी पिशवी गळ्यात घातली. दुपारी मी शाळेच्या फाटकाशी तिला आणायला गेले. पाऊस नव्हता, ऊन चटके देत होतं. मुलं रांगेने बाहेर आली. दप्तर हातात घेतलं तर आत डबा जड लागला. उघडला. पोळीची गुंडाळी जशीच्या तशी.

"आज काही खाल्लं नाहीस?" मी विचारलं.

"खाल्लं. Noodles."

"कुणी घेऊन दिले?"

"मीच."

मी पिशवी चाचपली. रिकामी होती. "आणि बाप्पाचे पैसे?"

रेवाने माझ्याकडे वर बघितलं, वर्गातल्या मठ्ठ मुलाला तिसऱ्यांदा समजावून सांगावं तसं.

"आजी," ती म्हणाली, "मला पण भूक लागते ना."

"हो गं बाई," मी म्हटलं, "लागते."